वापरलेली मोठी मोटार घेताना

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने घरासाठी मोटार घ्यायचे ठरविले. आमची आई ऐंशीच्या घरात आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात आणि हल्ली रस्तोरस्ती दिसणाऱ्या उंच गाड्यांत चढताना तिला दोघांनी आधार द्यावा लागतो. सांगलीहून पुण्याला उपचारासाठी महिन्यातून एक-दोन फेऱ्या ठरलेल्या. तेव्हा बैठक बेताच्या उंचीची, मागील आसन ऐसपैस, महामार्गावर न हेलकावणारी आणि सामानाला स्वतंत्र डिकी असलेली सेडान हवी होती. या वर्गातील नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची, म्हणून वापरलेली घ्यावी असे ठरले. माझे आयुष्य हिशेब तपासण्याच्या नोकरीत गेले. घरातील मोठाही मीच. त्यामुळे पाहणीचे काम आपसूकच माझ्याकडे आले. चार महिन्यांत आम्ही सांगली, कोल्हापूर आणि पुणे येथे मिळून अकरा गाड्या पाहिल्या. त्या पाहणीत जे समजले, ते वाचकांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडतो.

प्रथम या गाड्यांविषयी थोडेसे. टोयोटा कोरोला अल्टिस, होंडा सिव्हिक, स्कोडा ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब, ह्युंदाई एलांट्रा ही या वर्गातील परिचित नावे. एके काळी कारखानदार, डॉक्टर, मोठे अधिकारी यांच्या दारात ही वाहने दिसत. पुढे ग्राहकांचा ओढा उंच बांधणीच्या गाड्यांकडे वळला आणि सेडानचा हा वर्ग आपल्याकडे जवळजवळ ओस पडला. अल्टिस आणि सिव्हिक दोन्ही २०२० मध्ये बंद झाल्या. ऑक्टाव्हियाची नियमित विक्री २०२३ मध्ये थांबली. मागणी घटल्याने जुन्या गाड्यांच्या किमतीही झपाट्याने उतरल्या. नवी असताना वीस-पंचवीस लाखांना घेतलेली मोटार दहा वर्षांनी पाच-सहा लाखांत मिळू शकते. म्हणजे नव्या छोट्या गाडीच्या पैशांत ऐसपैस आसने, सहा एअरबॅग, भक्कम बांधणी. मोह पडावा असाच हा व्यवहार दिसतो.

परंतु येथे एक गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. पंचवीस लाखांची गाडी पाच लाखांत मिळाली, तरी तिचे टायर, ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर, गिअरबॉक्स, दिवे यांचे दर पंचवीस लाखांच्या गाडीचेच राहतात. किंबहुना जुनेपणामुळे खर्चाचे प्रसंग वाढतात आणि उत्पादन थांबलेल्या गाडीचा एखादा भाग मागवून महिनाभर थांबावेही लागते. अशी गाडी स्वस्तात विकण्यास काढणाऱ्यांपैकी काही जण केवळ हौस फिटली म्हणून विकतात. काहींच्या पुढ्यात मात्र मोठ्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आलेले असते. आपली सारी तपासणी या दोन प्रकारांतील फरक ओळखण्यासाठी असते. भावाने साडेसहा लाखांची तयारी असल्याचे सांगितले, तेव्हा मी त्याला म्हटले, “गाडी साडेपाचची पाहू. उरलेला एक लाख पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेव. तो खर्च झाला नाही तर उत्तमच.” त्याने ते मानले आणि पुढे या एका निर्णयाने आमचे निम्मे काम सोपे केले.

गाडी पाहण्याआधी कागद पाहावेत. पाहणीला जाण्याचा प्रवासखर्चही त्यामुळे वाचतो. नोंदणी क्रमांक मागून घेतला की सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एमपरिवहन’ ॲपवर नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विम्याची मुदत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे की नाही, हे समजते. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ यांवाचून पुढे जाऊ नये. वाहतूक पोलिसांचे ई-चलन थकले आहेत का, हेही ऑनलाइन कळते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून गाडीच्या वयाचा हिशेब आपण ती किती वर्षे वापरणार याच्याशी जुळवून पाहावा.

विम्याच्या कागदाकडे बहुतेक जण फक्त मुदतीपुरते पाहतात. माझ्या व्यवसायाच्या सवयीने मी त्यातील ‘नो क्लेम बोनस’चा रकाना आधी पाहतो. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी ही सवलत चढत जाते. एका गृहस्थांनी आम्हांला सांगितले, “आठ वर्षे गाडी माझ्याकडेच आहे, एक ओरखडासुद्धा नाही.” त्यांच्या विम्यात बोनस शून्य होता. मी नम्रपणे त्याचे कारण विचारले. थोड्या वेळाने, मागील वर्षी पुढच्या भागाचे ‘किरकोळ’ काम झाल्याचे त्यांनी मान्य केले. बोनस शून्य असण्याला इतर कारणेही असू शकतात. विमा काही काळ खंडित झालेला असतो किंवा मालकाने सवलत आपल्या नव्या गाडीकडे वळविलेली असते. तरी प्रश्न विचारण्याची जागा तेथे असते. आणखी एक लक्षात ठेवावे : हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो खरेदीदाराकडे येत नाही.

परराज्यातील नोंदणीच्या गाड्या फार स्वस्त दिसतात. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच दिशा कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या अनेक मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्यांत चांगल्या गाड्याही असतात. मात्र त्या राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सारे किमतीत मिळवूनच तुलना करावी. एका गाडीबाबत आम्ही हा हिशेब मांडला, तेव्हा ‘स्वस्त’ गाडी येथील गाडीहून महाग पडत होती.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. आमच्या भागात पहिली शंका पाण्याची घ्यावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूर परिसरात असंख्य वाहने बुडाली. त्यांतील काही भंगारात गेली, काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आली. बुडालेली गाडी बाहेरून चकाकते. तिचे दुखणे विजेच्या तारांत असते आणि ते दोन-तीन वर्षांनीही डोके वर काढते. मोठ्या सेडानमध्ये आसनाखाली, पायपोसाखाली, डिकीच्या बाजूला अनेक नियंत्रक बसविलेले असतात, म्हणून तिला पाणी अधिक घातक. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. धुताना तो टोकापर्यंत कोणी धूत नाही आणि चिखलाची रेघ तेथे राहून जाते. पुढील आसन मागे सरकवून त्याच्या रुळांवरचा गंज पाहावा. स्टेपनी उचलून खालचा खळगा पाहावा. दिव्यांच्या काचांच्या आत गाळाची पुटे आहेत का ते पाहावे. शेवटी सगळ्या काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे. अत्तराचा दर्प फारच येत असेल, तर ते कशासाठी मारले आहे याचा विचार करावा. कोल्हापूरकडील एका विक्रेत्याकडे आम्ही एक देखणी पांढरी गाडी पाहिली. बेल्टवर करड्या रंगाची वीतभर पट्टी होती. आम्ही काही न बोलता नमस्कार करून निघालो.

अपघाताच्या खुणा शोधण्यास डोळे आणि दिवसाचा उजेड पुरतो. गाडी सकाळी, उघड्यावर, कोरडी पाहावी; ओल्या पत्र्यावर रंगातील फरक लपतो. बोनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या कडांमधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या आहेत का ते पाहावे. बोनेट व दरवाजे जोडणाऱ्या बोल्टांवर पाना लागल्याचे ओरखडे असतील, तर तो भाग कधीतरी उतरविला आहे. सर्व काचांवर कंपनीची खूण आणि वर्ष छापलेले असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर कारण विचारावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र अनेक गॅरेजवाल्यांकडे असते. कारखान्यातील रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर तो दुप्पट-तिप्पट भरला, तर तेथे पुन्हा रंगकाम झाले आहे. बंपर किंवा दरवाजा रंगविलेला असणे हा दोष नव्हे. शहरात ते होतेच. छताचे खांब, बोनेटखालचा सांगाडा आणि डिकीचा तळ येथे ठोकाठोक वा नवे वेल्डिंग दिसले, तर मात्र ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडावी. घरातील माणसे ज्या पोलादी पिंजऱ्यात बसणार, तो एकदा मोडून जोडलेला नसावा.

याच कारणासाठी एअरबॅगचा दिवा जरूर पाहावा. किल्ली फिरविल्यावर तो लागला पाहिजे आणि काही क्षणांत विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर बिघाड लपविण्यासाठी दिवाच काढला असल्याचा संशय घ्यावा. एअरबॅग एकदा उघडल्या की नव्या बसविण्याचा खर्च मोठा असतो आणि तो टाळण्याचा मोह काहींना होतो.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवू नये. मीटर मागे फिरविणे अवघड राहिलेले नाही. दहा वर्षांच्या डिझेल सेडानवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असतील, तर स्टिअरिंगची कडा, ब्रेक पेडलचे रबर, चालकाच्या आसनाची बाजू यांनी त्या आकड्याला दुजोरा दिला पाहिजे. टायरच्या बाजूवर चार अंकांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर धावलेल्या गाडीवर टायरचा तिसरा जोड दिसला, तर आकड्यांचा मेळ बसत नाही. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी. विक्रेत्याला सोबत घेऊन तेथे जावे आणि नोंदी पाहाव्यात. त्यास विक्रेता राजी नसेल, तर उत्तर मिळालेच.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. म्हणून आधी निरोप द्यावा, “आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” गेल्यावर बोनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला तर थांबून, थंड होऊ देऊन मगच पाहावे. थंड इंजिनाचा खडखडाट, धूर आणि सुरू होण्यातील कुचराई गरम झाल्यावर दडून जातात. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, थांबता न थांबणारा दाट पांढरा धूर कूलंट आत झिरपत असल्याचे. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर जाणकार मिस्त्रीला विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की साखळी, बेल्ट असल्यास तो केव्हा बदलला, याचे बिल मागावे. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि गाडीच्या किमतीच्या तोडीचा खर्च उभा राहतो.

या वर्गातील पुष्कळ गाड्या स्वयंचलित गिअरच्या असतात आणि मोठ्या खर्चाचे मूळ बहुधा तेथेच असते. दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सचे दोन प्रकार असतात : कोरड्या क्लचचा आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा. कोरड्या क्लचला शहरातील सरकत्या गर्दीत झीज अधिक. ऑइलच्या प्रकारात ठराविक किलोमीटरला गिअर ऑइल आणि फिल्टर बदलावाच लागतो, आणि नेमका तोच खर्च अनेक मालक टाळतात. चालवून पाहताना गाडी अर्धा तास तरी चालवावी. ‘डी’मध्ये टाकल्यावर क्षणभर विलंब, उभ्या चढावर निघताना थरथर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका, यांपैकी काही जाणवले तर किंमत कमी करून घेण्याच्या भानगडीत न पडता दुसरी गाडी पाहणे शहाणपणाचे. खराब रस्त्यावर काचा उघड्या ठेवून, संगीत बंद करून सस्पेन्शनचा आवाज ऐकावा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यास गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. एसी, सर्व काचा, सनरूफ, आसनांच्या मोटारी, मागील कॅमेरा ही बटणे एकेक करून दाबावीत. छोट्या गाडीत ज्याला ‘किरकोळ’ म्हणतात, ते येथे हजारांत जाते.

आपल्या घरांच्या दृष्टीने एक बाब वेगळी नोंदवावीशी वाटते. या गाड्यांच्या वरच्या श्रेणीत आसने अनेकदा चामड्याची असतात; स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीवरही चामड्याचे वेष्टन असते. नवी गाडी घेताना श्रेणी निवडता येते; जुनी गाडी आहे तशी घ्यावी लागते. कृत्रिम आवरण आणि खरे चामडे दिसायला सारखेच. ज्यांना चामडे नको, त्यांनी विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या वर्षाच्या त्या श्रेणीचे माहितीपत्रक पाहावे. आईने पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला होता आणि त्यामुळे एक चांगली गाडी आम्ही सोडली. कापडी आसनांच्या खालच्या श्रेणीत खर्चिक उपकरणे कमी असतात, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

एवढे झाल्यावरही गाडी एकदा त्रयस्थ मिस्त्रीला दाखवावी, उचलून खालून पाहावी आणि संगणकीय यंत्र जोडून साठलेले दोष वाचावेत. सारे दोष नुकतेच पुसल्याचे आढळले, तर तेही काही सांगते. आमच्या मिस्त्रींनी दोन गाड्या नाकारल्या आणि प्रत्येकी काही शे रुपये घेतले. लाखाचा खड्डा टाळण्याची ती किंमत फारच थोडी होती.

शेवटी आम्ही गाडी घेतली ती पुण्यातील एका निवृत्त प्राध्यापकांकडून. एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेली, एका दारावर रंगकाम झालेली, पुढचे टायर बदलायला आलेले. कमी किलोमीटरच्या, अधिक चकचकीत गाड्या आम्ही पाहिल्या होत्या. परंतु प्राध्यापकांनी बिलांची फाईल समोर ठेवली आणि आम्ही काही विचारण्याआधी एका कागदावर लिहिलेले दोष वाचून दाखविले : दारावरचा रंग, टायर, सावकाश उघडणारी एक काच. गिअर ऑइल वेळेवर बदलल्याची बिले क्रमाने लावलेली होती. भावाने किंमत फारशी कमी करून मागितली नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “दादा, यांच्याशी घासाघीस करायला जीभच वळली नाही.”

व्यवहाराचा शेवट पैसे देण्याने होत नाही, नाव बदलण्याने होतो. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओकडे हस्तांतर करावे. एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत कळविणे मोटार वाहन कायद्याला अपेक्षित आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. हे दोघांच्याही हिताचे. अपघाताच्या भरपाईबाबत नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकून पैसे घेतले तरी नाव न बदलल्यास जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. ‘नंतर करू’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाकडे सोडून येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आम्ही हस्तांतराची पावती हाती येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याचे आधीच ठरविले होते आणि प्राध्यापकांनी ते आनंदाने मान्य केले.

त्यानंतर दोन महिन्यांनी भावाची आधीची छोटी गाडी विकायची वेळ आली. घ्यायला आलेला मुलगा विशी-बाविशीतला, पहिली नोकरी, पहिली गाडी. त्याने बोनेट उघडले, पण काय पाहायचे ते त्याला ठाऊक नव्हते. भावाने त्याच्या हाती एक कागद दिला. क्लच वर्षभरात बदलावा लागेल, डाव्या बाजूचे मागचे दार एकदा ठोकून रंगविले आहे, एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो. त्या मुलाने तो वाचला आणि विचारले, “काका, मग किती कमी कराल?” भावाने क्लचचा खर्च वजा करून किंमत सांगितली. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून आरटीओत गेले.